नीलच्या भुकेचं खापर

नको नको, कॉफी बेडा, विहीणबाई — स्वल्प पाणी दिलंत तेवढं पुष्कळ. सरस्वतीपुरमहून हिनकलपर्यंत दोन बस बदलून आले, ती काही कॉफीसाठी नाही. अदिती आत आहे ना? राहू दे, बोलवू नका. तीन आठवडे झाले ती नीलला घेऊन तुमच्याकडे येऊन — का, ते ठाऊक आहे मला. हळदीकुंकवाला बारा बायकांसमोर मी म्हणाले, माझ्या नातवाची ही राक्षसी भूक त्याच्या आईकडून आलीय. म्हणाले, बाई. नाही कशाला म्हणू? आणि परवा माझ्या लेकाबरोबर, सुदीपबरोबर, डॉक्टरीणबाईंकडे गेले, तर त्या सांगतात, उलटंच आहे सगळं.

ऐका तर. माझे सासरे रंगारी, अल्वा, हो ना? जिथं रंग नको तिथं कापडावर मेण लावायचे — कापड खाली असतंच, पण रंग धरत नाही. अंगातही तसंच असतं म्हणे. जीन का काय त्याच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. बहुतेक दोन्ही चालतात — पण काही ठिकाणी आईच्या प्रतीवर निसर्गच मेण लावतो, चालायची ती बापाचीच. आणि नीलच्यात तिथला बापाचा तुकडाच गळालाय. अदितीचा आहे की, धडधाकट आहे — पण मेणाखाली गप्प. म्हणून पोट भरल्याचं पोराला कळतच नाही. मग गळालं कुणाकडचं? माझ्या सुदीपकडचं. हसा, हसा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, हे आपोआप होतं, दोष कुणाचाच नाही. मी म्हटलं, असं कसं, मी तर पाच वर्षं सुनेला देतेय.

अदिती फडताळाला कुलूप लावायची, मोजून वाढायची — डॉक्टरांनीच सांगितलं होतं तसं. मी गल्लीभर सांगितलं, लेकराला उपाशी ठेवते म्हणून. आणि ती ऑफिसला गेली की मी काय करायची? काही नाही — एखादा मैसूरपाक. दोन. बरं, त्याला दवाखान्यात न्यावं लागलं ना, त्या दिवशी अख्खा डबा दिला होता. अज्जी, अज्जी म्हणत पदर धरतो हो तो, माझ्याच्यानं नाही म्हणवत नाही. बोल अदितीला लागले. सुदीपसुद्धा तिलाच बोलला — मी तिथंच बसून होते, तोंड उघडलं नाही.

रागावलात ना? बरोबर आहे. निघते मी, बस चुकेल. तिला आजच चल असं म्हणत नाही. यावंसं वाटलं की येऊ दे. फडताळाला कुलूप राहील, किल्ली तिनंच कमरेला लावावी. आणि मी मागितली तरी देऊ नको म्हणावं.