शेपूट कापणारी ताई

नाही हो, तुम्हीच सांगा, तीन वर्षं बेडूकमाशांच्या शेपट्या कापायच्या, त्या पुन्हा कशा वाढतात ते रोज मोजत बसायचं, ह्याच्यावर माझी अख्खी पीएचडी उभी, आणि आमचे विभागप्रमुख सर दारातून नुसतं डोकं आत घालून म्हणतात, "उद्या शाळेची मुलं येतायत, दाखव काहीतरी जिवंत!" दचकून ड्रॉपर पडला हातातला. आणि मी काय म्हणाले? "हो सर!"

आली मुलं. नाकं काचेला चिकटवून उभी! एक दातपडकी चिमुरडी विचारते, "ताई, ह्याची शेपूट कुठंय?" आता मी घाबरले की तोंडातून खरं तेच बाहेर पडतं, त्याला मी काय करू... "मी कापली." बाप रे! तिनं असं भोकाड पसरलं, की मागोमाग सगळा वर्ग! "ताईनं शेपूट कापलीऽऽ!" त्यांच्या बाई माझ्याकडे बघतायत, जणू पुढचा नंबर मुलांचाच. आणि तुम्हाला सांगते, सरांनी चक्क टाळी वाजवली! "बाळांनो, रडायचं नाही. एकेक घरी न्या, शेपूट वाढवा, मोजा आणि आम्हाला कळवा!" अहो, माझे! माझे बेडूकमासे! कागदी पेल्यांतून चालले! सर कानाशी पुटपुटतात, "विभागाचं नाव होईल, हस जरा." आणि मी? "हो सर!"

मग फोन सुरू. "मॅडम, मांजरानं खाल्ला, दुसरा मिळेल का?" "मॅडम, सासूबाईंनी संडासात सोडला." एक वडील तर, "मुलगी त्याला उशाशी घेऊन झोपली हो..." पुढचं ऐकवलंच नाही मला. रिकाम्या टाक्यांसमोर रडत बसले, तर टाक्यांचं पाणी बदलणारे मामा म्हणतात, "बरं झालं पोरी, माझी कंबर वाचली."

पण काही कार्टी निघाली चिवट! पट्टी लावून, चित्रं काढून रोजची मापं पाठवली. सर खुर्चीतून उठून नाचायचेच बाकी. "काय सुंदर आकडे! तुझ्यापेक्षा नीटनेटके! शोधनिबंध छापू!" म्हटलं, चला, वाचले! हळूच विचारलं, "सर, माझं नाव...?"

"आधी माझं, मग सगळ्या मुलांचं. तू आभारात, मामांच्या खाली."

"आणि पीएचडी?"

"तो विषय संपवला की गं मुलांनी. तू दुसरा शोध!"

आता एवढ्यावर माणूस भांडेल, रडेल, निदान दार तरी आपटेल... आणि मी काय म्हणाले?

"सर, मामांच्या लगेच खाली ना?"