मंगळवारपर्यंत मागे

लिसेंसियादो : ...तोडफोड तर मुळीच नको, दोन्या एर्लिंदा. मागे कुणीतरी एका कार्यालयातला संगणक फोडला आणि दुसऱ्या दिवशी परदेशी वार्ताहर हजर. मला फक्त मंगळवार हवा.

एर्लिंदा : आपल्या मागण्या माफक होत चालल्या, लिसेंसियादो. पूर्वी आपले सरकारी लोक माणसं घेऊन जात.

लिसेंसियादो : बुधवार ते शुक्रवार अकरा बायका डोंगरावरून खाली आल्या, इथे तुमच्यासमोर बसून ब्याऐंशी साली गावांत शिरलेल्या सैनिकांबद्दल नाही नाही ते या संगणकात बोलून गेल्या. मंगळवारी यातलं काही नव्हतं. तेव्हा संगणकाला मंगळवारात परत न्यायचं. माझ्या भाच्याने असाच व्हायरस घालवला होता. काय रे, तुझं तर संगणक-दुरुस्तीचं दुकान, आहे ना तसं बटण?

ओतोनिएल : आ... आहे, लिसेंसियादो. रिस्टोर पॉइंट म्हणतात. मंगळवारचा मीच करून ठेवलाय, रेकॉर्डिंगचा प्रोग्राम टाकायच्या आधी.

लिसेंसियादो : आणि तिथे परत नेलं की?

ओतोनिएल : तो प्रोग्राम जातो.

लिसेंसियादो : प्रोग्राम गेला की बायका गेल्या. चालू कर.

एर्लिंदा : एवढे शिकलेले लिसेंसियादो, आणि या बायकांच्या इशिल भाषेतलं एक अक्षर आपल्याला कळत नाही. न कळणाऱ्या मजकुरासाठी राजधानीहून आठ तासांचा घाट चढून येणं, ही निष्ठा मी विद्यापीठातसुद्धा पाहिली नाही. ओतोनिएल, हात काढ.

ओतोनिएल : दोन्या, दाराशी यांचे दोघं उभे आहेत.

एर्लिंदा : चाळीस वर्षं उभेच आहेत. कपडे तेवढे बदलतात.

लिसेंसियादो : त्या अकराजणींत तुझ्या ओळखीची कुणी आहे का रे?

ओतोनिएल : नाही.

लिसेंसियादो : एकही नाही? गाव केवढंसं!

ओतोनिएल : मी यंत्रं दुरुस्त करतो, लिसेंसियादो. बायकांच्या बोलण्यात मी नसतो.

लिसेंसियादो : मग एवढा घाम कसला?

ओतोनिएल : यंत्र तापतंय... जवळ बसलोय ना.

एर्लिंदा : नीट ऐक, ओतोनिएल. त्यांतली एक बोलून झाल्यावर म्हणाली, बाई, पुन्हा विचारू नका, पुन्हा माझ्याच्याने होणार नाही. तिचं बोलणं या पेटीबाहेर कुठेही नाही.

ओतोनिएल : ऐकलं, दोन्या.

लिसेंसियादो : काय विचारतोय तो पडदा?

ओतोनिएल : एकदा सुरू केलं की मध्येच थांबवता येणार नाही, असं सांगतोय. नक्की करायचं का, विचारतोय.

लिसेंसियादो : किती नेमकी भाषा! हो म्हण. दोन्या, तोवर तुमचं ते मक्याचं गरम अतोल आणखी थोडं प्यायला मिळेल का?

एर्लिंदा : घ्या. पाहुणचाराच्या बाबतीत आम्ही कधीच शहाणे झालो नाही.

ओतोनिएल : झालं. मंगळवार आला.

लिसेंसियादो : ते माइकचं चित्र होतं इथे. उघड बघू.

ओतोनिएल : गेलं ते. उघडायला काही राहिलं नाही.

लिसेंसियादो : छान. कुणाला खरचटलंही नाही. येतो, दोन्या.

(जिन्यावरून बूट उतरत जातात. खाली गाडी सुरू होते.)

एर्लिंदा : चालता हो.

ओतोनिएल : हळू. गाडी वळू द्या.

एर्लिंदा : नववी तुझी आई होती, ओतोनिएल! जन्मदात्या आईला...

ओतोनिएल : आहे. आई आहे इथेच. अकराहीजणी आहेत. रिस्टोर पॉइंट आपण साठवलेल्या फायलींना हात लावत नाही, दोन्या. प्रोग्राम नेतो, यंत्राची मांडणी नेतो. आवाज फोल्डरमध्ये जागच्या जागी आहेत. ऐकवणारा तेवढा गेला.

एर्लिंदा : आणि हे तू मला...

ओतोनिएल : कसं सांगणार? तुमच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. त्याला कळलं असतं तर डिस्कच काढून नेली असती.

एर्लिंदा : मघापासून मनात तुला मी काय काय म्हणत होते, ते न ऐकलेलंच बरं.

ओतोनिएल : आधी प्रती काढू, आत्ताच. मग प्रोग्राम पुन्हा टाकतो. नीट चालतोय का, एखादं लावून बघावं लागेल.

एर्लिंदा : नववं लाव. आईने ते तुला कधी सांगितलं नसेल.

ओतोनिएल : नाही सांगितलं. लावून देतो... तुम्ही ऐका. मी जिन्यात थांबतो, कुणी येतंय का बघायला.