वानखडेच्या पोरीचं सॉफ्टवेअर

आता वानखडे इथं नाही म्हणून सांगतो. आम्ही दोघं अमरावतीला एकाच कचेरीत कारकून होतो, निवृत्तही बरोबरच झालो. तरी रोज सकाळी चहाच्या टपरीवर छाती फुगायची ती त्याचीच. "माह्या पोरीनं असं सॉफ्टवेअर बनवलं, बिघडलं तं सोताच दुरुस्त होते. माणूस लागतच नाही!"

माझा मनोजही पुण्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. पण काय करतोस म्हणून विचारलं, की "तुमाले नाही समजणार, बाबा" म्हणतो. मग मी मिरवावं कशावर?

दिवाळीत ती पोरगी बापासोबत टपरीवर आली. मी खोचून विचारलं, "काहून वं बाई, बिघडलंच नाही तं दुरुस्त होते हे समजते कसं?"

"त्याच्यासाठी वेगळे लोक आहेत न काका. आमी बनवतो, अन् थे मुद्दाम बिघडवून पाहतात. लय डोकं लागते त्याले. तुमचा मनोजदादा तेच करते, आमच्याच कंपनीत."

माझी छाती जरा कुठं फुगू लागली होती, तेवढ्यात वानखडेनं बशी खाली ठेवली.

"म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्या कामात खोट काढाची! घरीच शिकलं पोरगं."