दूध उतू गेलं आणि घर अडलं

ह्यांनी घरांची दलाली सुरू केली, त्यात विकायला आलेलं ते पहिलंच घर. महिन्याभरात गेलं नाही तर हे पुण्याला नोकरीला आणि मी इथं परभणीत सासूबाईंपाशी, असं ठरलेलं.

खर्च नको म्हणून घराच्या जाहिरातीच्या व्हिडिओतली गृहिणी मीच. मोबाइल ह्यांच्या हातातल्या पोछ्याच्या दांड्याला बांधलेला. रिकाम्या स्वयंपाकघरात दूध तापवत हसायचं होतं. हसण्याच्या नादात दूध उतू गेलं.

दारात बसून बघणाऱ्या घरमालकीण काकू ताडकन उठल्या. "नव्या सुनेच्या हातनं दूध उतू गेलं. वास्तुशांतीच झाली की. लक्ष्मी आलेलं घर आता मी इकत न्हाई."

ह्यांनी पोछा खाली ठेवला.

लग्नापासून चारचौघांत तोंड न उघडलेली मी म्हणाले, "काकू, दूध माझ्या हातनं गेलंय. मग घर आम्हालाच द्या, जरा कमी करून."

"एक रुपया कमी होणार न्हाई," काकू म्हणाल्या.

"म्हणजे विकायचंय तर," म्हणत ह्यांनी पोछा पुन्हा उचलला.