राणूतात्यांची सनई काचेत जाणार नाही

मंडळी, जमलात, बरं केलंत. एवढी माणसं राणूतात्यांच्या ओट्यावर ते जिवंत असताना कधी दिसली नाहीत. मी आज रागानं बोलणार आहे.

आत्ताच सरपंच म्हणाले, "तात्यांची तुतारी हिर्डोशीत घुमायची." सरपंच, तुतारी वाकडी, धातूची, तिला भोकं नसतात. तात्यांनी ती जन्मात तोंडाला लावली नाही. ते सनई वाजवायचे. सनई! आणि ह्या फळ्यावर काय लिहिलंय? "पिपाणीवादक." पिपाणी पोरं जत्रेत घेतात.

मला कुणी शिकवलं नाही, कानानं शिकलो. पण वीस वर्षं तात्यांच्या शेजारी बसून सूर धरलाय. सूर हे सनईसारखंच वाद्य, एकच स्वर धरून ठेवणारं. त्याच्या आधारानं सनई चालते.

गेल्या माघात सरपंचांच्या मुलीचं लग्न. बोलावणं नव्हतं, तरी गावची रीत म्हणून तात्या गेले. सोबत मी. सनईच्या तोंडाची पत्ती त्यांनी जिभेवर भिजत ठेवलेली. कोरडी पत्ती वाजत नाही. मांडवात भोरचा बँड. सरपंच, तुम्हीच म्हणालात, "तात्या, आज ऱ्हाऊ द्या. तिकडं पायताणांपाशी बसा, जेवूनच जा."

तात्या बसले. मी म्हटलं, "चला की आता."

"थांब रं. बँडवाल्यांचा दम सरला तर नवरी मुकी जाईल व्हय?"

अक्षता पडेपर्यंत त्यांनी पत्ती तोंडातून काढली नाही.

आता म्हणता, सनई देवळात काचेच्या कपाटात ठेवू. नाही ठेवायची. तात्या मला सांगून गेलेत, "फुंकली न्हाई की लाकूड तडकतं. माझी सनई खुंटीला लावू नगंस, सखूला दे." सखू त्यांची लेक, विंझरला नांदते. दार लावून बापाकडनं शिकली, तुम्हाला पत्ता नाही. काल एसटीनं जाऊन सनई तिच्या हातात दिली. मागायला जाऊ नका.

दोन मिनिटं शांत उभं राहायचं म्हणता? शांत तर तुम्ही त्यांना मांडवाबाहेर पुष्कळ बसवलंत. सतरंजी सोडा. दारात पायताणांपाशी या, खाली बसा. सरपंच, आधी तुम्ही. मी एकटा सूर धरतो. माझा दम सरेपर्यंत कुणी उठायचं नाही. आता सनई लागेल, असं वाटत राहील. लागणार नाही.

तात्या, पत्ती भिजलीय. बसा शेजारी.