माह्या जीपचा पंखा

नवीन वस्तूले मी नावं ठेवतो असं म्हणता ना, मंग हे ऐका. माह्या जुन्या जीपचा पट्ट्यावर फिरणारा पंखा इंजिनाची ताकद खाते म्हणून जावयानं तो काढला आन् बॅटरीवरचा बसवला. इंजिन तापलं तरच फिरते. गाडी खरंच चूप झाली.

बाजाराच्या दिवशी सवाऱ्या घेत एटापल्लीले निघालो. वाटेतल्या टोल्यावर, त्या चार घराच्या वस्तीवर, कोणीच उभं नाई. थोडा थांबलो, शिव्या दिल्या आन् पुढं गेलो.

परत येताना तिथली सोमीबाई रस्त्यावर मोहफुलाच्या टोपलीजवळ बसून होती. "काऊन भाऊ, मले सोडून गेला? आता हप्ताभर मीठ-तेल कुठून आणू?"

"सकाळी रस्त्यावर काऊन नाई उभी राह्यली?"

"कधी उभी राह्यली मी? तुह्या पंख्याची घरघर आली का मंग आम्ही टोपल्या उचलतो."

"पुढच्या खेपेले हॉर्न वाजवतो, बाई."

"नोको वाजवू. हॉर्न वाजवत पोलिसाची नाईतर जंगलखात्याची गाडी येते, ते ऐकलं का आम्ही दारं लावून घेतो."

घरी येऊन जावयाले म्हटलं, "जुना पंखा लाव."

तो म्हणे, "मामाजी, डिझेल जास्त जाईल."

"जाऊ दे. माहा हॉर्न ऐकून दार लावावं, असं मी त्याहिचं काई वाईट नाई केलं."