एका होडीच्या दोन फिर्यादी

पोलीस चौकी, प्रकाशा, तालुका शहादे, जिल्हा पश्चिम खानदेश. तारीख १८ नोव्हेंबर १९३८, शुक्रवार, सकाळी साडेदहा.

नाव सुसाना पौलस गावीत. वय चोवीस. धंदा नर्स व सर्टिफिकेटवाली सुईण. मूळ राहणार तालुका नवापूर, हल्ली प्रकाशा, दवाखान्यामागील खोली.

मी समक्ष हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, सोमवार ता. १४ रोजी घडले ते असे:

१. सकाळी ९ वाजून २० मिनिटांनी नदीपलीकडच्या भोईवस्तीतील वाहरू नावाचा इसम वाळलेले भोपळे कमरेला बांधून तापी पोहून आला. त्याची बायको दगूबाई अडली होती.
२. ९.३५ वाजता मी व वाहरू घाटावर पोचलो.
३. ९.५५ वाजता मी पितांबर भोई याच्या होडीत भिला भोई याची दोन वल्ही ठेवली. दोघेही समोर होते. दोघांपैकी कोणी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही.
४. १०.१० वाजता आम्ही पैलतीरी उतरलो.
५. १०.५० वाजता दगूबाई बाळंत झाली.
६. बुधवारी ता. १६ रोजी पितांबरने होडीच्या चोरीची व भिलाने वल्ह्यांच्या चोरीची अशा दोन वेगळ्या फिर्यादी माझ्यावर दिल्या.

पितांबर व भिला हे सख्खे भाऊ. दगूबाई त्यांची सख्खी बहीण. बाप वारल्यावर अकरा महिन्यांपूर्वी वाटणी झाली, तीत थोरल्याला होडी व धाकट्याला वल्ही गेली. पंचांचा हेतू असा होता म्हणतात, की त्यामुळे दोघांना एकत्र राहावे लागेल. तेव्हापासून होडी खुंट्याला आहे व वल्ही भिंतीला. दोन्ही काठांवर दुसरी होडी नाही. उन्हाळ्यात पाणी कमी असताना पितांबर ती बांबूने ढकलीत असे. आता मधल्या धारेत बांबू तळाला लागत नाही, म्हणून लोक नदीच्या खालच्या उतारावरून, जिथे पाणी उथळ आहे तिथून, जातात. त्या वाटेने चार तास लागतात.

कलम २ व कलम ३ यांच्यामध्ये वीस मिनिटे आहेत. ती कशात गेली असे जमादार इंद्रसिंग यांनी विचारले, म्हणून सांगते.

पितांबर होडीतच बसला होता. वाहरू त्याला म्हणाला, "दादा, पाय पहिले उना, डोकं नही!" मी म्हटले, "पितांबरदादा, होडी पाहिजे." तो म्हणाला, "ल्या ना, बाई. कोन नही म्हनस? पन वल्ही मन्हाकडे नहीत."

"मग कोणाकडे आहेत?"

"जेनी ठेयेल शे तेले माहीत."

ज्याने ठेवली तो साठ पावलांवर आपल्या दारात उभा होता व सगळे ऐकत होता. मी तिकडे गेले. भिला म्हणाला, "वल्ही भितले टांगेल शेतस. होडीवालानी येवाले पाहिजे, एक सबद मांगाले पाहिजे."

मी म्हटले, "भिलाभाऊ, बहीण तुमची आहे."

"तेनी बी शे ना. सांगा तेले."

मी परत साठ पावले जाऊन तसे सांगितले. पितांबर म्हणाला, "धाकला तो शे. मी काय तेना दारले जाव नही." असे येणे-जाणे तीनदा झाले. शेवटी मी भिलाच्या भिंतीवरची वल्ही स्वतः उतरवली. भिला त्या वेळी निंबाच्या झाडाकडे पाहत होता. निंबावर काही नव्हते. मी वल्ही होडीत ठेवताच पितांबर होडीतून उतरला व चपला शोधू लागला. चपला त्याच्या पायात होत्या. वल्ही वाहरूने मारली.

चोरीचा माल कोणत्या अवस्थेत होता असे विचारले. अकरा महिने न वापरलेल्या वल्ह्यांना करंजीचे तेल ताजे लावलेले होते, माझ्या बाहीला लागले. अकरा महिने वल्ह्यांवाचून असलेल्या होडीत दोन्ही बाजूंचे वल्ह्यांचे दोर नवे होते. होडीत थेंबभर पाणी नव्हते. यावरून काय निघते ते मी सांगू शकत नाही. जमादार मासिकांतल्या गोष्टी वाचतात. त्यांनी विचारले, की होडी म्हणजे थोरला, वल्ही म्हणजे धाकटा व नदी म्हणजे त्यांचा ताठा, असे लिहू का. मी सांगितले, होडी सागाची, अठरा फूट, व वल्ही शिसवीची, सात-सात फूट आहेत. नदी मी मोजलेली नाही. त्यांनी लिहिलेले ते वाक्य माझ्या सांगण्यावरून खोडले आहे.

मूल पायाळू होते. डोके अडकले, ते सोडवावे लागले. मूल दीड मिनिट रडले नाही. नंतर रडले. मुलगी, वजन पाच पौंड चौदा औंस. दगूबाईला तीन टाके घातले. शुद्धीवर येताच तिने विचारले, "होडीमां कोन कोन व्हतं?" मी म्हटले, वाहरू व मी. तिने भिंतीकडे तोंड केले.

दोघे भाऊ तक्रारीपूर्वी माझ्याकडे आले होते काय, या प्रश्नाचे उत्तर: होय. मंगळवारी सकाळी आठ वाजता पितांबर खोकला झाला म्हणून आला. छाती स्वच्छ होती. सव्वाआठ वाजता भिला डोळे दुखतात म्हणून आला. डोळे लाल होते, पण दुखण्याने नव्हे. पितांबरने विचारले, "पोर कोनासारखी दिसस?" भिलानेही तेच विचारले. दोघांना मी वजन सांगितले. पितांबरने बहिणीसाठी तुपाचा गडवा दिला व भिलाने डिंकाचे लाडू. आपले नाव सांगू नये असे दोघांनी बजावले. मी सांगितले नाही. दगूबाईने वास घेऊनच तूप कोणाच्या म्हशीचे व लाडू कोणत्या भावजयीचे ते ओळखले. तूप लाडवांवर घालून खाल्ले.

मग फिर्याद का दिली, हे मी त्यांना काल विचारले. पितांबर म्हणाला, "चूप बठतू तर गाव म्हनतं, मीच तेनी वल्ही घिदी." भिलाचे कारण हेच होते. फक्त होडी व वल्ही यांची जागा बदलावी.

आता मुख्य गोष्ट. होडी व वल्ही गुरुवारी सकाळी आठ वाजता जप्त होऊन चौकीच्या आवारात ठेवली आहेत. त्याआधी वाहरू मला त्याच होडीने नेत-आणत होता. गुरुवारी मी खालच्या उतारावरून चालत गेले. दगूबाईला १०१.६ ताप होता. बुधवारी नव्हता. बाळंतपणातील असा ताप कुठवर जातो ते मी शिकले आहे व एकदा पाहिलेही आहे. दिवसातून दोनदा धुणे व तपासणे जरूर आहे. उताराच्या वाटेने ते होत नाही. गाडीच्या हादऱ्यांत नंदुरबारला नेण्याजोगी तिची स्थिती नाही. मी वल्ही उचलली हे मला कबूल आहे. त्याबद्दल जी शिक्षा असेल ती मी दगूबाई बरी झाल्यावर भोगीन.

जमादार सांगतात, की माल सुटण्यास दोन्ही मालकांचा अंगठा एकाच कागदावर लागतो. काल संध्याकाळी मी परतल्यावर दोघांना इथे बोलावले होते. पितांबर म्हणाला, "पहिले धाकलाना." भिला म्हणाला, "पहिले मोठाना." मी फूटपट्टीने एका कागदावर दोन चौकटी आखून दिल्या, दोन्ही एका रेषेत, सारख्या मापाच्या, म्हणजे वरखाली कोणी नाही. शाईच्या दोन डब्या ठेवल्या, म्हणजे दोन्ही अंगठे एकाच वेळी उठतील. त्यावर थोरल्याने उजवी चौकट मागितली व धाकट्यानेही उजवीच. मी कागद टेबलावर अर्धा फिरवून दाखवला, की समोरासमोर बसल्यास दोघांनाही आपापली चौकट उजवीकडेच येते. दोघांनी बराच वेळ कागद पाहिला. अंगठा कोणी उठवला नाही. मात्र दोघेही जाताना चौकीच्या पायरीवर बसले व अजून तिथेच आहेत. मध्ये एक माणूस बसेल इतकी जागा सोडली आहे.

हा जबाब जमादारांनी मोठ्याने वाचला. दार उघडे होते, ते मी लावू दिले नाही. "बिचारी दगूबाई" असे एके ठिकाणी आले होते, त्यातील पहिला शब्द मी काढवला. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे आहे, म्हणून सही करते.

सुसाना पौलस गावीत

पितांबर व भिला या दोघांस माझी विनंती: ताप आज सकाळी किती आहे ते मला ठाऊक नाही. कागद जमादारांच्या टेबलावर आहे. उद्या शनिवार, ता. १९, दुपारी बारा वाजेपर्यंत हो किंवा नाही ते कळवावे.